टेलरबाईंचा च

लाकडाच्या वखारीपर्यंत पोहोचलो तेव्हा आमचा निम्मा रस्ता झाला होता आणि टेलरबाईंची गोष्ट अजून पहिल्याच वळणावर होती. त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे हे असंच. चार पावलं टाकायची, मग त्या थांबणार, फोन छातीशी धरून अंगठ्याने टकटक लिहिणार, मग फोन बोलणार. तोवर आपण झाडाकडे बघायचं, नाहीतर भिंतीवरच्या जाहिराती वाचायच्या. फोन बोलून झाला की पुन्हा चार पावलं.

रिक्षाने केव्हाच पोहोचलो असतो. पण रिक्षाच्या घरघरीत फोनचं बोलणं ऐकू येत नाही, आणि न बोलता बसून राहणं बाईंना आयुष्यात जमलेलं नाही. म्हणून मोठा रस्ता सोडून मागच्या बाजूने, वखारी आणि गोदामांच्या कडेकडेने आम्ही निघालो होतो. जायचं होतं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, फोन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे.

"वहिनी, तो नाही म्हणाला तर?" फोनने विचारलं.

"अहो, अजून पोहोचलो कुठे? आधीच कसली नकारघंटा वाजवताय?" मी म्हटलं.

बाईंनी पुन्हा मान खाली घातली. टकटक. "मोठ्या दुकानातले दोघंही नाही म्हणाले. हा तिसरा."

"तिसरा हो म्हणेल. देव आहे ना."

"देव कुठला फोन वापरतो?"

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बाई रडतायत.

त्यांच्या पिशवीत दोन फोन होते. एक हा बोलणारा. त्याची पाठ फुगली होती, झाकण वर आलं होतं, आणि ते उडून पडू नये म्हणून बाईंनी त्याला पँटच्या कमरेला घालतात ते इलॅस्टिक शिवून बसवलं होतं. दुसरा मुलाने धाडलेला कोरा करकरीत फोन, अजून खोक्यातच. एकाला वाचवता येतं का ते बघायला आम्ही दुसऱ्याला बरोबर घेऊन चाललो होतो.

टेलरबाई आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. पुढची खोली दुकान, मागची दोन घर. माझं स्वयंपाकघर आणि त्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अशी पातळ की त्यांनी कात्री टेबलावर ठेवली तरी मला कळतं. मी या घरात राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारी भांडण चाललंय. बघायला गेले तर बाई एकट्या, समोर गिऱ्हाईक हात वर करून उभं, बाईंच्या गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून अखंड बोलणं चाललेलं. "हात खाली घ्या, पोट आत घेऊ नका, मी काय फोटो काढतेय का, माप घेतेय, पोट आहे तेवढं राहू द्या, उद्या बटण तुटलं की माझ्याच नावाने बोंबलाल."

लोक कपडे शिवायला यायचे आणि बोलणी खाऊन जायचे. तरी पुन्हा यायचे, कारण बाईंच्या हातचा कोट खांद्यावर असा बसायचा की माणूस दोन बोटं उंच दिसायचा. नवरा लवकर गेला, मुलगा आणि मुलगी दोघांना त्यांनी त्या एका मशीनवर वाढवलं. मुलगा शिकून लांबच्या शहरात गेला. मुलगी इथेच दोन गल्ल्या सोडून राहते, नोकरी करते, आणि तिची चार वर्षांची लेक दिवसभर आजीकडे असते. तिला सगळे चिमणी म्हणतात.

चिमणी जेमतेम पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. बाईंनी विचारलं, "मग उरलं काय?" डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरल्या. घाबरल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मी तिथेच उभी होते, म्हणून सांगते.

ऑपरेशननंतर गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. ते लावलं की आवाज यायचा, पण असा की चिमणी टेबलाखाली जाऊन बसली आणि एका गिऱ्हाइकाच्या हातातून कापड पडलं. बाईंनी यंत्र खणात टाकलं ते टाकलंच. मग मुलाने येऊन त्यांच्या फोनवर ते बोलणारं अ‍ॅप घालून दिलं. आपण लिहायचं, फोन वाचणार. एका बाईचा आवाज होता तो, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी थोडा पडणारा. भाजी निवडत बसलेल्या बाईसारखा.

पहिला महिनाभर बाई त्याच्याशी भांडत होत्या. कारण तो च.

आपल्या मराठीत च दोन. चिमणीतला च वेगळा, चालण्यातला वेगळा. लिहिताना दोन्ही सारखेच, पण वाचताना कोणाचं अडत नाही. ज चंही तेच. जेवणातला ज निराळा, जुन्यातला निराळा. फोनला मात्र एकच च माहीत, चिमणीतला. त्यामुळे बाईंनी 'चला' लिहिलं की फोन म्हणायचा 'च्यला'. 'चांगलं' चं 'च्यांगलं'. एका गिऱ्हाइकाला त्यांनी 'चूक तुमचीच आहे' असं सुनावलं तर फोन म्हणाला, 'च्यूक तुमचीच्य आहे', आणि ऐन भांडणात ते गिऱ्हाईक खुदकन हसलं. बाईंना ते फार लागलं. भांडणात समोरचा हसला की संपलंच की हो सगळं.

मग त्यांनी युक्ती काढली. च च्या जागी 'त्स' लिहायचा. 'त्सला.' फोन बरोबर म्हणाला. 'त्सांगलं.' बरोबर. शाळेत शुद्धलेखनात कधी मार्क न सोडलेली बाई म्हातारपणी मुद्दाम चुकीचं लिहायला शिकली, आणि इतक्या सफाईने की अंगठा आपोआप तिकडेच वळायचा. घाईत असल्या की मात्र साधा च पडायचा आणि फोन 'च्य' करायचा. त्यावरून आम्हाला कळायचं, बाई घाईत आहेत.

ज ने मात्र दाद दिली नाही. सगळी जोडाक्षरं करून पाहिली. फोन एकतर बोबडा बोलायचा नाहीतर अक्षरं सुटी करून वाचायचा. शेवटी बाईंनी ते शब्दच सोडले. 'जरा' नाही म्हणायचं, 'थोडं' म्हणायचं. 'जवळ ये' नाही, 'इकडे ये'. 'जुना' नाही, 'आधीचा'. पूर्वी एका लठ्ठ बाईंना त्या तोंडावर म्हणायच्या, "जाड झालात हो, अस्तर उसवावं लागणार." आता फोन म्हणाला, "भरीव झाल्या आहात." त्या बाई इतक्या खूश झाल्या की आणखी दोन कपडे टाकून गेल्या.

आणि चिमणी? ती बोलायला शिकली तीच मुळी या खोलीत, मशीनशेजारी, या आवाजाच्या सोबतीने. आजीचा खरा आवाज तिला आठवायचं कारणच नाही. तिच्या लेखी हाच आजीचा आवाज. फोन बाहेर ठेवून बाई आत गेल्या की ती फोनशी खुशाल गप्पा मारायची. आणि आजी घाईत असली की जसं बोलते तसं ती कायमच बोलायची. "च्यल आज्जी, भूक लागली." "ज्या तिकडे, मी नाही बोलत." लेक वैतागायची. "आई, तिला बालवाडीत सगळे हसतील. नीट बोलायला शिकव की तिला."

बाईंनी लिहिलं होतं, "तिने माझं नाक नाही घेतलं, डोळे नाही घेतले. हा च तरी घेऊ दे."

एवढंच होतं त्यांच्याकडे. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आता मुलाचं. मुलगा वाईट नाही. मी त्याला हाफ पँटमध्ये पाहिलंय. आईवर त्याचा जीव आहे, पण तो जीव खोक्यातून येतो. कंपनीचा नवा फोन दरवर्षी निघतो, तो दरवर्षी घेतो, आणि त्याचा वर्षभर वापरलेला आईला येतो. "आई, काय कॅमेरा आहे बघ! आता तुझ्या शिवणाचे फोटो असे येतील ना." आवाज होता तेव्हा बाई हौसेने घ्यायच्या. दोन दिवस शिव्या घालायच्या, हे बटण कुठे गेलं, ते चित्र कुठे गेलं, मग सवय व्हायची. आधीचा फोन मुलगा पुसून स्वच्छ करायचा आणि बदल्यात देऊन टाकायचा. त्या पुसण्यात काय काय गेलं ते कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. ऑपरेशननंतर लेकीला वाटलं, आईचा आवाज कुठेतरी असेल. सगळे फोन धुंडाळले. बाई आवाजात निरोप पाठवणाऱ्यांतल्या नव्हत्याच, सरळ फोन लावून बोलायच्या. जे काही असेल ते दरवर्षीच्या बदलाबदलीत गेलेलं. एकच निरोप सापडला. त्यात मशीनचा खडखडाट आणि मागून 'हां' एवढंच.

अ‍ॅप बसलं आणि तेव्हापासून बाईंनी फोन बदलला नाही. खोकं यायचं, कपाटात जायचं. "कपाटाला दोन फोन झाले, मला एक पुरे," असं म्हणायच्या. मुलगा रागवायचा, पण फार नाही.

या वर्षी मात्र तसं करता येईना. फोनची पाठ फुगली. त्यात रोज सकाळी पडद्यावर एक पाटी येऊ लागली की ही सेवा लवकरच बंद होणार आहे, कृपया नवीन आवृत्ती घ्या, आणि नवीन आवृत्ती या फोनवर चालत नाही. 'लवकरच' म्हणजे केव्हा, ते कोणी सांगेना. मुलाने या वेळी वापरलेला नाही, नवाच धाडला. स्वतःला एक, आईला एक, जोडीने.

तो फोन सुरू केला त्या दिवशी मी पडद्यांना टीप घालून न्यायला गेले होते. मुलगा दुसऱ्या फोनवर, चेहरा पडद्यावर, सांगत होता हे दाब, ते दाब. बाईंनी लिहिलं, आणि नवा फोन बोलला, "चला, जरा जवळ येऊन बसा."

च बरोबर. ज बरोबर. सगळं बरोबर. आवाज तरुण, गोड, स्वच्छ धुतलेला. जणू बँकेत आपण रांगेत उभे आहोत आणि कोणीतरी सांगतंय की आपला नंबर येईल.

"ऐकलंस?" मुलगा तिकडून ओरडला. "आता त्स-बिस काही लिहायला नको! किती भारी आहे ना? अगदी माणसासारखा!"

बाईंनी लिहिलं, आणि त्या गोड आवाजाने विचारलं, "कुठल्या माणसासारखा?"

"म्हणजे... नॉर्मल, आई. माणसासारखा."

चिमणी दारात उभी होती. तिने आजीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "ही ताई कोण आहे?"

"आजीच आहे गं," मी म्हटलं.

"नाही. ही ताई आहे. आज्जीला बोलाव."

मुलाने समजूत काढली, सवय होईल, मुलं काय पटकन शिकतात. लेकीचंही तेच. बाईंनाही पटलं असावं, कारण त्यांनी दोन दिवस खरोखर नेटाने नवा फोन वापरला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कापड बेतत होत्या. इस्त्री टेबलाच्या कडेला, गरम. चिमणी बाहुलीचा फ्रॉक घेऊन तिकडे निघाली, आजी करते तसं करायला. बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी 'थांब' चं बटण दाबलं. ते बटण त्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं, तातडीसाठी. नवा फोन म्हणाला, "थांब." छान, शांत, स्पष्ट. चिमणीने वळूनही पाहिलं नाही. पुन्हा दाबलं. "थांब." कोणी परकी ताई कुणाला तरी काहीतरी सांगतेय, एवढंच तिच्या कानाला. तिचा हात वर गेला तेव्हा बाईंनी मोठी कात्री जमिनीवर आपटली. फरशीचा टवका उडाला. भिंतीपलीकडे माझ्या हातातलं भांडं पडलं. मी धावत गेले तर चिमणी रडत होती आणि बाई तिला घट्ट धरून बसल्या होत्या. दोन्ही हात तिच्याभोवती, लिहायला एकही मोकळा नाही. म्हणजे त्या मुक्याच्या मुक्या.

चिमणीला काही झालं नाही. देवाची कृपा. पण त्याच दिवशी फुगलेला फोन परत बाहेर आला, त्याला इलॅस्टिक चढलं, आणि बाई म्हणाल्या, "वहिनी, कोणी दुरुस्त करतो का बघू."

तर असा तो रस्ता. वखार गेली, गोदामं गेली, आणि एका जिन्याखालच्या दुकानापाशी आम्ही पोहोचलो. दुकान कसलं, खुर्ची, दिवा आणि त्या माणसाचे गुडघे मावतील एवढी जागा. त्याने फोन हातात घेतला, इलॅस्टिक ओढून पाहिलं आणि म्हणाला, "अरे बापरे. हिचे तर दिवस भरलेत."

बाईंचे खांदे हलले. मला तो माणूस आवडला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

त्याने झाकण काढलं, आत पाहिलं, नाक मुरडलं. "बॅटरी शोधून देईन. वेळ लागेल, पण देईन. तोवर उशाशी घेऊन झोपू नका."

"मग झालं की!" मी म्हटलं.

"पण तुम्ही आवाजाचं म्हणताय ना?" त्याने पडद्यावरची ती पाटी वाचली. दोनदा वाचली. "ताई, आवाज फोनमध्ये नसतो. तो कंपनीकडून येतो. त्यांनी बंद केला की फोन धडधाकट असला तरी काय उपयोग? मुकाच तो."

शब्द निघाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याने जीभ चावली. "माफ करा, मला तसं..."

बाईंनी हात हलवला. फोन त्याच्याच हातात होता, त्यावरच वाकून त्यांनी लिहिलं. "राग नाही. शब्द बरोबर आहे."

मला राहवेना. "अहो, पण आत्ता तर बोलतोय ना? आत्ताच सगळी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली तर? उठ, बस, जेव, थांब. नव्या फोनवर टाकून घेऊ."

"घ्या की," तो म्हणाला. "पण जेवढी ठेवाल तेवढीच बोलता येतील."

"भांडायला नेहमी नवीन वाक्यं लागतात," फोन म्हणाला.

तो हसला, मग गंभीर झाला. नव्या फोनचं खोकं त्याने उघडून पाहिलं, फोन उलटासुलटा केला. "हा घ्याच तुम्ही. उत्तम आहे. यात आवाजही पुष्कळ आहेत, हे बघा, इथून दुसरा निवडता येतो."

"आणि तो तरी राहील का?" मी विचारलं.

"आता ते कसं सांगू? पुढच्या वर्षी नवीन फोन, नवीन अ‍ॅप. दरवर्षी बदलतातच. लोकांना पाहिजे असतं."

बाईंनी लिहायला घेतलं. आम्ही दोघं थांबलो. आता हे एक झालंय, बाई लिहितात तेव्हा सगळे देवळात असल्यासारखे गप्प उभे राहतात. ज्या बाईचं एक वाक्य कोणी पुरं होऊ देत नसे, तिच्यासाठी सगळं जग थांबतं. फक्त चिमणी म्हणते, "लवकर लिही की, आज्जी!"

"मग मी दरवर्षी नवीन बाई होऊ का?" फोनने विचारलं.

दुरुस्तीवाल्याने झाकण दाबून पाहिलं, ते बसलं नाही, मग त्याने ते इलॅस्टिक स्वतःच्या हाताने पुन्हा चढवलं आणि फोन दोन्ही हातांनी परत दिला.

परतताना मी एकटीच काहीबाही बोलत होते. लेकीला सांगू, मुलाला सांगू, त्याच्या ओळखीचं कोणी असेल त्या कंपनीत. मुलाला सांगितलं तर तो काय करेल ते मला ठाऊक होतं. तो आणखी एक खोकं पाठवेल. त्याच्या हातात तेवढंच आहे. लेक म्हणेल, मी नोकरी सोडते, चिमणीजवळ बसते. तिला सोडता येणार नाही. मी म्हणेन, माझ्याकडे ठेवा मुलीला. मी ठेवेनही, पण त्याने आजीचा आवाज कुठून परत येणार?

बोलता बोलता माझ्या मनात आलं, बाई बोलत असत्या तर आत्ता काय म्हणाल्या असत्या? आणि मी ते त्यांच्या खऱ्या आवाजात आठवायला गेले. टाचण्यांच्या फटीतून यायचा तो. भिंतीतून दिवसभर माझ्या घरात यायचा तो. शब्द आठवले सगळे. 'पोट आहे तेवढं राहू द्या.' पण ते शब्द ज्या आवाजात आठवले तो किंचित घोगरा होता, शेवटी थोडा पडणारा. फोनचा. मी दुसरं वाक्य धरलं. तेही तसंच. रस्त्यात उभी राहून मी डोळे मिटले, देवाला म्हटलं, एवढं एक दे. नाही आलं. इतकी वर्षं ऐकलेला आवाज, आणि त्याच्यावर हा दुसरा कधी चढून बसला ते मला कळलंही नव्हतं. बाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, मला धाप लागली. माझा दंड धरून त्यांनी मला बागेच्या कुंपणाजवळच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून खोकं काढलं. नवा फोन मांडीवर घेतला, दुरुस्तीवाल्याने दाखवलं होतं तसं कुठे कुठे दाबलं, आणि आवाजांची ती जागा उघडली. एकेक दाबत गेल्या. वाक्य सगळ्यांचं एकच, "नमस्कार, मी तुमच्यासाठी बोलेन." पहिली गोड. दुसरी जरा वयस्कर. तिसरी घाईतली. मग एक जाडसर, एक नाकातली, एक अशी की जिला कशाचंच काही वाटत नाही.

म्हणजे बाईंनी ठरवलं होतं तर. ठरवलं कसलं, दुसरं काही उरलं नव्हतं.

"दुसरी बरी आहे," मी म्हटलं. "समजूतदार वाटते. चिमणीला आवडेल."

बाईंनी मान हलवली. तसं नाही, अशा अर्थाने. नवा फोन बाजूला ठेवून त्यांनी फुगलेला हातात घेतला आणि लिहायला लागल्या. खूप वेळ लिहीत होत्या. मध्येच मागे जात होत्या, चिमणीतला सोडून प्रत्येक च पुसून तिथे त्स घालत होत्या. एकही ज येऊ दिला नाही. एवढं जपून लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी फोन आमच्या दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला आणि बटण दाबलं.

"वहिनी, माणसाला आपला आवाज आतून ऐकू येतो. माझा मला तसा आठवतो. बाहेर तो कसा वाटायचा ते मला ठाऊक नाही. मुलगा लांब होता. मुलीला विचारलं की ती रडते. भिंतीपलीकडून इतकी वर्षं तुम्हीच ऐकलात. आता नाहीतरी चिमणीला नवा आवाज शिकायचाच आहे, तर निदान खरा शिकू दे. पुन्हा एकदा सगळे लावते. डोळे मिटून ऐका, आणि यातला माझ्यासारखा कुठला, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तो घेते."